उतरायची परवानगी

मेजर,

तुझ्या दहाव्याला माझी अब्रू गेली आणि तिथंच परत आली. मधे जो वेळ गेला त्यात बदलापूर गावच्या घाटावर अख्खी नदी आटून पुन्हा भरली असेल. तू असतास तर म्हणाला असतास, "निम्मं कर." माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं हे तुझ्याइतकं कुणालाच जमलं नाही. म्हणून तर तुलाच सांगतोय.

सुरुवात मेघाने केली. तुझी पोरगी आता ठाण्याला नोकरी करते, चारचौघांत बोलते, पण काही विचारायचं असलं की तुझ्यासारखीच आधी कपाळाला आठी घालते. भटजी दर्भ मांडत होते. ती माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "काका, आज तरी खरं सांगा. बाबांना तो हुद्दा खरंच मिळाला होता? की तुम्ही आपलं..."

पुढचं तिने गिळलं. पण मागे उभा असलेला तुझा मेव्हणा काही गिळणाऱ्यातला नाही. "अगं, त्याला काय विचारतेस? मला म्हणाला होता, तुझ्या बापाला अंतराळात जनरल केलं. वांगणीच्या लग्नात त्याचा ॲडमिरल झाला. आणखी चार लग्नं झाली असती तर तुझा बाप राष्ट्रपती होऊनच गेला असता!"

हसले रे लोक. दहाव्याला हसले. वहिनींनी पदर तोंडावर धरला, रडू लपवायला की हसू, ते मला कळलं नाही. जन्मभर मी या पंचक्रोशीत इतक्या थापा मारल्या की त्यांच्या गोण्या भरल्या तर मालगाडी लागेल. त्यात ही एकच गोष्ट खरी. नेमकी तीच कुणाला खरी वाटत नाही.

आणि तू? साधं पलीकडच्या घाटावर उतरायचं तर परवानगी मागणारा माणूस. सकाळी चहा पिऊन टेकलास आणि न विचारता निघून गेलास. हे तुझ्या शिस्तीत कुठं बसतं, सांग.

मेघाला मी घाटावर नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते इथं देतो. तू ऐक, आणि कुठं वाढवलं तर खोक.

तू जांभूळला पाणीपुरवठ्यावर व्हॉल्व्ह सोडायला होतास. अंगावर खाकी, खिशात शिट्टी, खांद्यावर ती लोखंडी टी-चावी. मी कॅम्प चारच्या सिंधी बाजारात लछू शेठच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायचो. म्हणजे मी उघडायचो, लछू बंद करायचा, आणि मधे जे काही व्हायचं ते देवाच्या हातात. शुक्रवारी बाजार बंद, तुझीही सुट्टी शुक्रवारी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत आमची मैफल बसायची.

लछूच्या हाँगकाँगच्या मावसभावाने ते खेळाचं यंत्र पाठवलं होतं. काळा डबा, वर रबराची बटणं, पाटीच्या आकाराचा. त्याला टीव्ही जोडायचा आणि टेपरेकॉर्डर जोडायचा. टीव्ही आम्ही वापरायचो तो एका गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला टाकून परत न आलेला, लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. कॅसेट लावली की असा किंचाळायचा तो टेप, की शेजारच्या खारी-बिस्किटवाल्याची भट्टी विझायची. निम्मं करतो: भट्टीवाला तरी नक्की दचकायचा. आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी आकाश उभं राहायचं.

खेळ साधा होता. आपलं एक जहाज. एका ग्रहावर माल भरायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत चाचे गाठतात त्यांच्याशी लढायचं. ग्रहांची नावं इंग्रजीत काहीतरी चावल्यासारखी होती, ती आपण बदलली. शेतीवाला ग्रह वांगणी. कारखान्यांचा ग्रह अंबरनाथ. मधला चाच्यांचा पट्टा बारवीचं जंगल. वांगणीहून तांदूळ उचल, अंबरनाथला टाक, तिथून यंत्रं उचल. पुस्तक नव्हतं, कागद नव्हता, कॅसेटही कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली. नियम काय आहेत ते खेळ सोडून कुणालाच ठाऊक नव्हते. उठताना ज्याने त्याने आपलं जहाज कॅसेटवर उतरवायचं, पुढच्या शुक्रवारी तिथूनच पुढे.

कॅम्प चारमधल्या माणसाला जहाज दिलं तर तो काय करणार? धंदा. लछूने पहिल्याच दिवशी यादीत वाचलं की गांजाही विकता येतो, गुलामही विकता येतात, आणि त्यातच कमाई जास्त. डोळे चमकले त्याचे. "साईं, पडद्यावर लिहिलंय म्हणजे विकायलाच ठेवलंय ना!"

तू मागे स्टुलावर बसला होतास. पहिल्यांदाच आला होतास, ट्रान्झिस्टर दुरुस्तीला घेऊन. म्हणालास, "पडद्यावर फाशी लिहिली असती तर चढला असतास का, शेठ?"

मग तुझी पाळी आली. तू उठलास, खाकी शर्ट खाली ओढलास, वरचं बटण लावलंस आणि पडद्याला सलाम ठोकलास. मी हसता हसता सोल्डरिंगची गरम सळई चुकीच्या बाजूने धरली. तो डाग अजून हातावर आहे, तू पाहिलायस. लछू म्हणाला, "ये कौन आया, मेजर?" तेव्हापासून तू मेजर. टिंगल होती ती. तुझ्या अंगावर ती कपड्यासारखी बसली.

मेजरचे कायदे काय वर्णावे! चाच्याचं जहाज दिसलं की आधी त्याला मोठ्याने विचारायचं, "ओळख द्या!" टीव्हीला विचारायचं. टीव्हीला कान नाहीत, चाच्याला मराठी येत नाही, आणि तो तेवढ्यात आपल्या जहाजाला भोकं पाडतोय. तू उभा, हात मागे. "ओळख द्या!" मी शेजारी ओरडतोय, "मेजर, मार ना रे, मार!" तू माझ्याकडे न बघता, "सेकंड ऑफिसर, शांत." मी सेकंड ऑफिसर. चित्र फिरायला लागलं की टीव्हीला वरून थाप मारणं हे माझं खातं. पळत्या जहाजावर गोळी नाही. गांजा नाही. गुलाम तर नाहीच. वाटेत कुठं ठिपका लुकलुकला, म्हणजे कुणाचं तरी जहाज मोडून पडलंय, तर थांबायचं आणि आतली माणसं उचलायची. जागा नसेल तर आपला माल बाहेर फेकायचा. आम्ही सगळे त्या ठिपक्याला वळसा घालून जायचो. तू एकदाही नाही घातलास. दर वेळी तुझा माल अवकाशात, आणि दर वेळी लछू छाती धरून खाली बसलेला. तांदूळ पडद्यावरचा, हातपाय ह्याचे गार!

आणि ती परवानगी. ग्रहाच्या तळाजवळ आलास की तू ट्यूबलाइटचं बटण दोनदा खालीवर करायचास आणि म्हणायचास, "तळ, उतरायची परवानगी?" तळ म्हणजे लछू. दुकान त्याचं, यंत्र त्याचं, म्हणून तळही तो. तो स्क्रू-ड्रायव्हर कानामागे अडकवून कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेला असायचा. तिथूनच ओरडायचा, "अचो मेजर, अचो!" या, या. मगच तू उतरणार. लछू एकदा मागे मुतायला गेला होता, तर तू तळाभोवती घिरट्या घालत राहिलास. मी म्हटलं, उतर. म्हणालास, "कुणाच्या घरात न विचारता शिरायचं नसतं." लछू परत आला तेव्हा इंधन संपत आलेलं, आणि पॅन्टची चेन लावता लावता त्याला परवानगी द्यावी लागली.

तुझ्या आयेला मी हे सांगितलं होतं. ती भाताचे भारे रचलेल्या उडव्याशी उभी होती. म्हणाली, "पानी सोरायचं सोरून डब्याला सलाम मारतंय? त्याला नीट बघा रं कोनीतरी." आणि मग कौतुकाने मला एवढा मोठा भोपळा दिला की तो मी बसमध्ये वेगळं तिकीट काढून आणला.

आपलं एक भांडण राहूनच गेलं, मेजर. मी म्हणायचो, "अरे, खेळ आहे! कोण बघतंय?" तू म्हणायचास, "म्हणूनच." पुढे काही नाही. म्हणूनच काय? मी किती वेळा विचारलं. तू चावी खांद्यावर टाकून चालू पडायचास. आणि माझ्यासारखा सेकंड ऑफिसर असताना आमच्या गल्लीला एक घागर पाणी कधी जास्त सोडलं नाहीस! आमची ही मला टोमणे मारायची, "तुमचा एवढा मित्र, आणि नळ तर सगळ्यांसारखाच जातो." मी तुला म्हटलं तर तू काय म्हणालास? "परवानगी नाही." त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणार नव्हतो. संध्याकाळपर्यंत नाही बोललो.

मग देसाई आला.

देसाई म्हणजे अंबरनाथला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा. इस्त्रीची सफारी, खिशाला पेन, बोलणं मोजकं. हा माणूस जास्तीचं एक अक्षर बोलत नाही. त्याला किती वाजले विचारलं तर 'साधारण' म्हणणार नाही, थांबून घड्याळ बघून सांगेल. मी जितक्या थापा मारल्या तितक्या त्याने मारल्या नाहीत, असा आमच्या दोघांचा मिळून हिशोब बरोबर व्हायचा. तो काही वायर जोडून घ्यायला शटरखालून आत वाकला आणि त्याने तुला पडद्याला सलाम ठोकताना पाहिलं. हसला नाही तो. फक्त म्हणाला, "हा खेळ आमच्याकडे पण आहे. पण आमच्याकडे तो खेळतात."

लछूचा चेहरा लाल झाला. त्याने तुझी हवी तेवढी टिंगल केली असेल, पण बाहेरच्याने केलेली त्याला चालायची नाही. म्हणाला, "हमारा मेजर तुम्हारे सब को पानी पिलाएगा!" देसाई म्हणाला, "पाणी तर ते आत्ताही पाजतात." आणि त्यावर लछूने, बायकोला न विचारता, यंत्र पणाला लावलं. देसाईने क्लासचा रंगीत मॉनिटर लावला. ठरलं: पुढच्या शुक्रवारी, इथंच. सकाळी देसाईने आपलं जहाज चालवायचं, दुपारी मेजरने. संध्याकाळी ज्याची दिवसाची कमाई जास्त, तो जिंकला. मेजर हरला तर आपलं यंत्र अंबरनाथला. म्हणजे तुझं जहाज, तुझं आकाश, आपला शुक्रवार, सगळं.

तो आठवडा लछूने तुझे पाय धरले. खरंच धरले. "साईं, एक दिन! सिर्फ एक दिन गांजा बेच! मी कधी तुला काही मागितलं?" मी पण मागे लागलो. माझ्या आयुष्यात तेव्हा दुकान, घर आणि तो शुक्रवार एवढंच होतं, आणि त्यात चांगलं काय ते शुक्रवारच. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "शेठ, एक दिवसच सोडायची तर ती शिस्त कसली? ती सवड झाली."

शुक्रवार उजाडला. कॅम्प चार लोटला होता असं मी सगळीकडे सांगतो. आपण दहा-बारा जण होतो. तू आलास तो पितळी तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री केलेल्या खाकीत. कॅनव्हासच्या बुटांना खडू फासलेला, असा पांढरा की डोळे दिपावेत. देसाईने तुझ्याकडे बघून स्वतःच्या सफारीचा चुरगळा सरळ केला. ते मी पाहिलं, कुणाला सांगितलं नाही.

सकाळी देसाई खेळला. काय खेळला! गांजा भरला, गुलाम भरले, बारवीचं जंगल खारीसारखं पार केलं. मोडक्या जहाजांचे ठिपके लुकलुकत होते, त्यांना वळसा. पोलीस मागे लागले, त्यांनाही उडवलं. दुपारपर्यंत त्याची कमाई एवढी की आकडा लिहायला पडद्याला जागा पुरेना. लछू पाणी पीत नव्हता, चहा पीत नव्हता, फक्त यंत्राच्या वायरीवरून हात फिरवत होता, सासरी जाणाऱ्या पोरीच्या केसांवरून फिरवावा तसा.

मग तू उठलास. शर्ट खाली. सलाम. वांगणीहून तांदूळ आणि औषधं भरलीस, पोटभर. "ओळख द्या!" करत करत दोन चाचे घालवलेस. खेप जमत होती, मेजर. तशा दोन खेपा जमल्या असत्या तर आपण देसाईच्या जवळ गेलो असतो, मी टेबलाखाली बोटांवर हिशोब करत होतो.

आणि अंबरनाथच्या तोंडाशी ठिपका लुकलुकला.

लछू म्हणाला, "नको." हळू, लहान मुलासारखं. "मेजर, नको. आज नको."

तू थांबलास. जागा नव्हती. तू तांदूळ फेकलास, औषधं फेकलीस, सगळी खेप त्या काळ्या आकाशात ठिपका ठिपका होऊन विरघळली, आणि मोडक्या जहाजातली माणसं आत घेतलीस. लछू उठला, कोपऱ्यातल्या पिक्चर ट्यूबच्या खोक्यांकडे तोंड करून बसला. देसाईने मांडीवरची टोपी पुन्हा पुन्हा फिरवली.

तळ आला. तू ट्यूबलाइटचं बटण दोनदा खालीवर केलंस. "तळ, उतरायची परवानगी?"

लछूने एक खोकं उगाच सरकवलं.

"तळ, उतरायची परवानगी?"

"नहीं देता!" तो भिंतीलाच म्हणाला. "माझं यंत्र चाललं अंबरनाथला, आणि हा परवानगी मागतोय! उतरू नकोस! फिरत बस तिथंच!"

आणि तू फिरत बसलास. इंधनाची रेघ कमी होत चालली. मी म्हटलं, उतर रे, तू उभा, एक हात मागे, एक बटणांवर. चाचे मागून येताहेत, तू घिरट्या घालतोयस. आत ती उचललेली माणसं. दुकानातला प्रत्येक जण लछूला विनवत होता, तो खोक्यांकडेच बघत होता. शेवटी कोण बोललं, ठाऊक आहे ना? देसाई. टोपी हातात, उभा राहून. "लछू शेठ, द्या हो परवानगी. माणसं आहेत त्यात."

लछू वळला. डोळे भरलेले. आणि गळ्याची शीर फुगवून असा ओरडला की कॅम्प पाचला ऐकू गेलं असेल, आणि हे मी निम्मं करणार नाही: "अचो मेजर, अचो!"

तू उतरलास.

पडदा काळा झाला. आम्हाला वाटलं, संपलं, बिघडलं. मी थाप मारायला हात उचलला, तू म्हणालास, "थांब." आणि पडद्यावर अक्षरं आली. एकेक ओळ. इतक्या वर्षांत आम्ही कुणी ती पाहिली नव्हती, कारण त्या ठिपक्यापाशी एवढ्या वेळा कुणी थांबलंच नव्हतं. खेळ मनातल्या मनात मोजत होता, मेजर. प्रत्येक वेळी. कुणी बघत नाही असं आपण म्हणत होतो, आणि तो डबा बघत होता.

इंग्रजी आमच्यात देसाईलाच धड येत होतं. त्याने वाचलं, मग मराठीत सांगितलं. आपल्या जिवाची आणि मालाची पर्वा न करता अनोळखी लोकांना वाचवल्याबद्दल, ताऱ्यांच्या आरमारात तुम्हाला अधिकारी म्हणून घेत आहोत. हुद्दा: लेफ्टनंट.

एवढं वाचून झालं, आणि लाइट गेली.

टीव्हीत एक ठिपका राहिला, तो पण मिटला. त्या दिवसाचं काही कॅसेटवर उतरवलेलं नव्हतं. म्हणजे गेलं सगळं. पुरावा नाही, काही नाही. मी अंधारात कपाळ बडवलं. तुझा आवाज आला, शांत: "हुद्दा मिळाला तो मिळाला. लाइट गेली म्हणून हुद्दा जातो का?" आणि मग, "आजपासून मला लेफ्टनंट म्हणा. मेजर खोटं होतं."

"अरे, पण मेजर मोठा असतो!" मी ओरडलो.

"असेल. पण तो कुणी दिला नव्हता."

शटर वर केलं. उजेडात तू यंत्राच्या वायरी काढल्यास, गुंडाळल्यास, डबा दोन्ही हातांवर घेतलास आणि देसाईसमोर धरलास. कमाई त्याची जास्त होती, ठरलं होतं तसं. देसाईने डबा घेतला, बाहेर पडला, रस्त्यापर्यंत गेला. तिथं उभा राहिला. किती वेळ, ते सांगत नाही, मी सांगितलं तर वाढवेन. मग परत आला आणि डबा टेबलावर ठेवला. "यंत्र माझं. पण ते इथंच राहील. माझी अट आहे, दर शुक्रवारी मला शिकवायचं." पुढच्या शुक्रवारी तो रंगीत मॉनिटर स्कूटरच्या पुढ्यात घेऊन आला. तुझं आकाश निळं झालं.

किती वर्षं आला देसाई! आणि शेवटपर्यंत त्याला ती अक्षरं मिळाली नाहीत. कारण वांगणीला पोचला की त्याचा हात गांजाच्या बटणाकडे जायचाच. तू म्हणायचास, "सर, हात." तो म्हणायचा, "सॉरी, लेफ्टनंट." तो एकटाच तुला लेफ्टनंट म्हणायचा. आम्ही बाकीचे मेजरच म्हणत राहिलो. आणि मी तर तुला दर लग्नात एकेक बढती देत गेलो. त्याचं मला काही वाटत नाही. सरकार देईना, मग कुणीतरी द्यायला नको?

आता घाटावर परत चल.

पिंड मांडला. सगळे मागे सरले. कावळा विजेच्या खांबावर बसलेला, एकच. येईना. मेव्हणा पुढे झाला, "ताईला आम्ही सांभाळू." कावळा मान वाकडी करून बघत होता. तुझ्या काकाने सांगितलं, विहिरीचा वाद मिटवू. कुणी काही, कुणी काही. मी म्हटलं, "मेजर, ती गोष्ट मी जशीच्या तशी सांगेन." कावळा उडाला. सगळ्यांनी हात जोडले. तो पिंडावरून गेला, घाटाला एक फेरी मारली आणि पुन्हा खांबावर. पुन्हा उडाला, पुन्हा फेरी, पुन्हा खांबावर. भटजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. देसाई. पार वाकलाय आता, पण सफारीला इस्त्री. मेव्हण्याने त्यालाही हसत विचारलं, "काय सर, तुम्ही तरी सांगा. जनरल की ॲडमिरल?"

देसाई थांबला. मेघाकडे वळला. "लेफ्टनंट," तो म्हणाला. "पडद्यावर लेफ्टनंट होतं. मीच वाचलं."

कुणी हसलं नाही. देसाईच्या तोंडून आलं होतं ते. मेघाची आठी गेली, मेजर. पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यात वहिनी दिसल्या.

लछू घाटाच्या पायरीवर बसला होता. गुडघे गेलेत त्याचे, ऐकूही कमी येतं. तो खांबाकडेच बघत होता, त्या घिरट्यांकडे. आणि मग त्याने माझा दंड धरला. मलाही तेच कळलं होतं. "अरे साईं," तो म्हणाला, "ये तो परमिशन के लिए रुका है."

धरून उठवला त्याला. त्याने शीर फुगवली. "अचो मेजर, अचो!"

कावळा हलला. पंख उघडले, मिटले.

मेघा त्याच्या कानाशी वाकली. "लछूकाका, हुद्दा चुकतोय."

लछूने डोळे पुसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि बदलापूरचा घाट, पलीकडची शेतं, तुझ्या जांभूळच्या टाक्या, सगळं दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "अचो लेफ्टनंट साहेब! परवानगी आहे!"

तो सरळ खाली आला. फेरी नाही, काही नाही. पिंडासमोर उतरला, ताठ उभा राहिला, आणि चोच लावायच्या आधी त्याने उजवा पंख डोक्यापर्यंत नेला.

माझ्याकडे सगळे बघायला लागले. मी एक अक्षर बोललो नाही, शपथ. मी देसाईकडे बघितलं. जन्मात जास्तीचं न बोललेला देसाई काठी बगलेत धरून ताठ उभा होता.

"केला," तो म्हणाला. "सलाम केला."